एमएमएसाठी आधी काय धरू? कुस्ती, जुजित्सू, कराटे की बॉक्सिंग

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे एकाच विषयावरची बरीच पत्रं आली. विषय एमएमए, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात ठोसे, लाथा, पटका-पटकी, गळे आवळणं सगळं चालतं तो खेळ. त्यातली तीन पत्रं निवडली. पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण तो विषय माझ्या जिवाजवळचा आहे, मी स्वतः मातीतून मॅटवर आणि मॅटवरून एमएमएच्या कोचिंगकडे आलोय.

प्रश्न : दादा नमस्कार. मी पन्हाळा तालुक्यातला, वय 19, सात वर्षं कोल्हापुरात तालमीत राहतोय, 74 किलोत खेळतो. जिल्ह्यापर्यंत जातो, पुढं अडकतो. मोबाईलवर एमएमए बघून बघून आता डोक्यात तेच आहे. मित्र म्हणतात कुस्ती सोड, पुण्याला जा, जुजित्सू (जमिनीवरच्या पकडींची कला) नाहीतर मुय थाय (थायलंडची लाथा-ठोशांची कला) धर. वस्तादांना अजून काही बोललो नाही. नेमकं काय धरू?

भावा, पहिलं सांगतो, कुस्ती सोडू नकोस. तालीम सोडू नकोस. मित्र चांगल्या मनानं सांगत असतील पण त्यांना माहीत नाही तुझ्याकडे काय आहे ते.

बघ, हा सगळा वाद सुरू झाला 12 नोव्हेंबर 1993 ला, अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसी ही एमएमएची स्पर्धा पहिल्यांदा झाली तेव्हा. बॉक्सर, कराटेवाले, सुमोवाला, किकबॉक्सर असे आठ जण एकाच रात्री भिडवले, कुठली कला भारी ते बघायला, आणि जिंकला कोण तर ब्राझीलचा रॉयस ग्रेसी, अंगानं साधारण 80 किलोचा, एका रात्रीत तिघांना टॅप करायला, म्हणजे हातानं थोपटून हार मानायला लावलं. त्यातला एक बॉक्सर तर एकाच हातात ग्लोव्ह घालून आला होता. त्या रात्रीनंतर जगाला वाटलं की उत्तर सापडलं, जुजित्सू शिका बास. पण दोन-चार वर्षांत मार्क कोलमन, रँडी कुटूर असले कुस्तीवाले आले, त्यांनी गळा वाचवायला शिकून घेतलं आणि मग वर बसून मारायला लागले, आणि सगळं चित्र फिरलं. मग ठोसेवाल्यांनी पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, अडवायला शिकून घेतलं, परत फिरलं. आज वरच्या पातळीवर एकच कला येणारा माणूस टिकत नाही, सगळ्यांना सगळं थोडंथोडं येतं.

पण एक गोष्ट थोडीथोडी येत नाही. समोरचा जीव तोडून विरोध करतोय, घामानं निसटतोय, आणि तरी त्याला उचलून खाली आणायचं, हे व्हिडिओ बघून येत नाही, सहा महिन्यांच्या कोर्सनंही येत नाही. ते रोज पहाटे उठून, जोड बदलत बदलत, वर्षानुवर्षं अंगात मुरतं. तुझी सात वर्षं त्यात गेलीत. ठोसा मारायला माणूस विसाव्या वर्षी पण शिकतो रे, पंचविशीत कुस्ती सुरू करणाऱ्याचे हाल मी डोळ्यांनी बघितलेत. आणि ज्याला खाली आणता येतं आणि खाली जायचं नसेल तर उभं राहता येतं, त्याच्या हातात असतं की आजची लढत उभ्यानं होणार की जमिनीवर. हेन्री सेहुडो 2008 ला बीजिंगमध्ये फ्रीस्टाईलचा ऑलिम्पिक गोल्ड घेऊन आला आणि पुढं यूएफसीचे दोन वजनांतले बेल्ट, म्हणजे चॅम्पियनपदं, घेतले. रशियातल्या दागेस्तानच्या खबीबनं 29 पैकी 29 लढती जिंकल्या, त्याचं मूळ साम्बो (रशियातली कुस्तीसारखी कला) आणि कुस्ती.

आता खरं बोलू. कुस्ती तुला जेवढं देते तेवढ्याच वाईट सवयी पण लावते, म्हणजे त्या कुस्तीत चांगल्याच आहेत पण पिंजऱ्यात त्याच तुला बुडवणार. या कुणी आधी सांगितल्या असत्या तर माझी दोन वर्षं वाचली असती.

सगळ्यात मोठी सवय पाठीची. आपल्याला लहानपणापासून काय घोकवलंय? पाठ लागू द्यायची नाही. मेलास तरी चालेल, चितपट नाही. मग खाली पडता पडता आपण आपोआप पोटावर वळतो, हात-पाय आत घेतो, कासवासारखे घट्ट होतो, आणि वस्ताद बाहेरून ओरडतात शाब्बास. पिंजऱ्यात बरोबर उलटं आहे. तिथं पाठ जमिनीला लागली म्हणून कुणी हरत नाही, उलट पाठीवर पडून समोरच्याला दोन पायांत धरून ठेवता येतं, तिथून हात मोडता येतो, गळा घेता येतो. पण पोटावर वळलास की तू तुझी पाठ त्याला दिलीस, तो सवारी टाकल्यासारखे दोन्ही पाय तुझ्या मांड्यांत अडकवतो, मागून हात गळ्याखाली घालतो, आणि मानेच्या दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्या दाबल्या की माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, ताकद असो नसो. मी पहिल्यांदा जुजित्सूच्या मॅटवर गेलो तेव्हा माझ्यापेक्षा पंधरा किलोनं हलका, चष्मा काढून ठेवून आलेला एक पोरगा होता. त्याला मी तीनदा आपटलं आणि तिन्ही वेळा त्यानं माझा गळा घेतला. तिन्ही वेळा चूक एकच, मी पोटावर वळलो. घरी जाऊन झोप लागली नाही मला.

दुसरी सवय पट काढताना डोकं बाहेर ठेवायची. एकेरी पट असो की दुहेरी, कुस्तीत डोकं कुठं आहे याला तेवढी शिक्षा नाही. इथं मान त्याच्या काखेत गेली की गिलोटिन, म्हणजे पुढून गळा. आपल्याच मुंबईतला भारत खांदारे, यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय, कुस्तीतूनच आलेला, नोव्हेंबर 2017 ला शांघायमध्ये सॉन्ग यादोंगकडून पहिल्याच राउंडला गिलोटिनवर हरला. मी हे त्याला कमी लेखायला सांगत नाही, तिथपर्यंत पोचणारा तो पहिला होता, त्याच्यामुळं दार उघडलं. पण तुझ्यासारख्या पोरानं ती लढत दहा वेळा बघावी आणि स्वतःची मान कुठं जाते ते तालमीत तपासावं.

तिसरी म्हणजे लांबून डोकं खाली घालून घुसायची घाई. बेन आस्क्रेन, अमेरिकेचा ऑलिम्पिक कुस्तीगीर, एमएमएत तोपर्यंत एकदाही न हरलेला, जुलै 2019 ला मासविडालसमोर घंटा वाजल्याबरोबर पट काढायला खाली वाकला आणि समोरून पळत येऊन उडी मारून गुडघा बसला. पाच सेकंदांत सगळं संपलं. यूएफसीतला सगळ्यात वेगवान नॉकआउट तो. पट आधी ठोशाच्या मागं लपवावा लागतो, हात दाखवायचा, त्याचे हात वर गेले की मग खाली जायचं. यासाठी तुला बॉक्सिंग पाहिजे.

आणि रितू फोगाटची लढत पण बघ. डिसेंबर 2021 ला सिंगापूरला वन चॅम्पियनशिप या आशियातल्या एमएमए स्पर्धेची ग्रांप्री फायनल, समोर थायलंडची स्टॅम्प, जिची ओळख मुय थायची. सगळ्यांना वाटलं रितूनं खाली नेली की संपलं, आणि रितूनं खाली नेली पण, आणि तिथंच स्टॅम्पनं दुसऱ्या राउंडला आर्मबार, म्हणजे हात मोडायची पकड, लावून टॅप घेतला. म्हणजे लाथा मारणाऱ्या पोरीनं कुस्तीवालीला जमिनीवर हरवलं. खाली नेणं हे अर्धं काम आहे, खाली नेल्यावर काय, हे जुजित्सू शिकवतं.

बारीक गोष्टी अजून आहेत. मातीत आपण जांघिया धरतो, तिथं चड्डी धरणं फाऊल. जाळी धरणं पण फाऊल, पण जाळीला दाबून उभं धरून ठेवणं हा मोठा डाव आहे आणि आपल्या हौद्याला, म्हणजे मातीच्या आखाड्याला, भिंतच नसते म्हणून तो आपल्याला शून्य येतो, तो वेगळा शिकावा लागणार. एक फायदा मात्र मातीवाल्यांचा, तिथं बूट नसतात, अनवाणी लढायचं, आणि अनवाणी पायानं जमीन धरायची सवय मॅटवाल्यांपेक्षा आपल्याला जास्त. दम पण वेगळा लागतो. मॅटची कुस्ती तीन-तीन मिनिटांची, एमएमएचा एकेक राउंड पाच मिनिटांचा, असे तीन, बेल्टची लढत असेल तर पाच. आपण सहा मिनिटांत सगळं ओतायला शिकलोय.

मग करायचं काय. सकाळची तालीम आहे तशीच ठेव, जोर-बैठका, लढती, सगळं. संध्याकाळच्या सरावातले आठवड्याचे तीन दिवस वस्तादांना विचारून मागून घे, त्यातले दोन दिवस बॉक्सिंग, एक दिवस ग्रॅपलिंग, म्हणजे जमिनीवरच्या पकडी. मुय थाय आत्ता नको, पहिले सहा महिने फक्त हात, हनुवटी खाली, मार बसताना डोळे मिटायचे नाहीत एवढंच. त्यानंतर लाथा, त्यातही मारायला नाही तर आधी अडवायला शीक, कारण कुस्तीवाल्याचा पवित्रा वाकलेला आणि पुढच्या पायावर वजन असलेला असतो, मांडीवर आणि पोटरीवर लाथा खाऊन खाऊन तो पाय दुसऱ्या राउंडला उचलत नाही. जुजित्सूचा चांगला कोच जवळपास नसेल तर महिन्यातून दोनदा पुण्याला जाऊन आठवडाअखेरचं सेशन कर आणि परत येऊन तेच दोन डाव तालमीतल्या जोडीबरोबर घासत बस. पुण्याला शिफ्ट होऊन, खोलीचं भाडं भरून, तीन वेगवेगळ्या क्लासच्या फिया भरून, खुराकाला पैसे उरत नाहीत अशी पोरं मी बघतो तेव्हा वाईट वाटतं. तुझ्याकडे आत्ता हौदा आहे, जोड आहेत, वस्ताद आहेत, दूध आहे.

वस्तादांना सांग. लपवून करू नकोस. सुरुवातीला चिडतील, कारण त्यांना वाटणार पोरगं मारामारीच्या नादाला लागलं. शांतपणे सांग की कुस्ती सोडत नाही. आणि खरंच सोडू नकोस, कारण रेल्वे, पोलीस, सैन्य, खेळाडू कोट्यातून नोकरीचं दार कुस्तीनं उघडतं, घरच्यांनी सात वर्षं खर्च केलाय त्याचं पण बघायला पाहिजे.

शेवटचं, वजन. 74 ला खेळतोस म्हणून 66 ला उतरायच्या नादात पाणी तोडू नकोस. 2015 च्या डिसेंबरमध्ये चीनचा यांग जियान बिंग हा तरुण फायटर लढतीच्या आदल्या दिवशी वजन उतरवताना शरीरातलं पाणी कमी होऊन कोसळला आणि त्यातच वारला, त्यानंतर वन चॅम्पियनशिपनं पाणी तोडून वजन उतरवण्यावर बंदी घातली. पहिल्या दोन-तीन हौशी लढती आहेस त्याच वजनाला लढ.

प्रश्न : सर, माझी मुलगी 13 वर्षांची आहे, आम्ही ठाण्याला राहतो. चार वर्षं कराटे करतेय, ब्राऊन बेल्ट आहे. आता म्हणते मला एमएमए करायचंय, कराटे उपयोगाचं नाही असं तिला इंटरनेटवर कुणीतरी सांगितलंय. मला भीती वाटते, पण तिला नाही म्हणायचं पण नाही. काय करू?

ताई, तुम्ही नाही म्हणत नाही हेच मोठं आहे, बऱ्याच घरांत इथंच विषय संपतो.

आधी तिला सांगा की कराटे वाया गेलेलं नाही. ल्योटो माचिदा नावाचा ब्राझीलचा फायटर 2009 ला यूएफसी चॅम्पियन झाला तो शोतोकान कराटेच्या जोरावर. कराटेमुळं अंतर कळतं, समोरच्याच्या टप्प्याच्या बाहेर राहून एकदम आत जाऊन मारून परत बाहेर यायचं, हे बॉक्सिंगवाल्यांना पण पटकन जमत नाही. अडचण दुसरी आहे. पॉइंटच्या स्पर्धेत एक फटका लागला की रेफ्री थांबवतो, मग मुलांना सवय लागते फटका मारून थांबायची, हात खाली सोडायची, वळून रेफ्रीकडे बघायची. एमएमएत कुणी थांबवत नाही, तिथूनच पुढं खेळ सुरू होतो. आणि कुणी अंगाला येऊन धरलं तर काय करायचं हे कराटेच्या क्लासमध्ये सहसा कुणी शिकवत नाही.

म्हणून मी म्हणेन की तिला एमएमएच्या क्लासला आत्ता घालूच नका, ज्युदोला घाला. ठाणे-मुंबईत ज्युदो शिकवणारे क्लब आहेत, शालेय स्पर्धा होतात, आणि पहिले काही आठवडे फक्त पडायला शिकवतात, हे मला फार आवडतं. पडायला आलं की भीती जाते, पुढं आयुष्यभर जिन्यावरून घसरलं तरी उपयोगी पडतं. मुलींची कुस्ती जवळ असेल तर ती पण चालेल. रोंडा राउजी ज्युदोत 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकची ब्राँझ मेडलवाली, तीच पुढं यूएफसीची पहिली महिला चॅम्पियन झाली. हे पण तिला सांगा की 2015 ला तीच रोंडा हॉली होमसमोर, जी मुळची बॉक्सर, उभ्यानं मार खाऊन हरली, कारण हाताचं काम कच्चं राहिलं होतं. म्हणजे ज्युदो आणि कराटे दोन्ही चालू ठेवायचं, दोन-तीन वर्षं, आणि सोळाव्या-सतराव्या वर्षी दोन्हीची गाठ घालायची.

पूजा तोमरचं नाव तिला सांगाच. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगरकडची मुलगी, वुशूची राष्ट्रीय चॅम्पियन, 8 जून 2024 ला यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय ठरली. नुसती महिलांत पहिली नाही, सगळ्या भारतीयांत पहिली, आणि ती मुलगी. तिचं मूळ वुशूत म्हणजे लाथा-ठोशांतच होतं.

भीतीचं म्हणाल तर तुमची भीती योग्य जागी आहे. हात-पाय लचकतात ते भरून येतं, डोक्यावरचा मार भरून येत नाही. या वयात डोक्यावर ठोसे असलेलं स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, अजिबात नको, हेल्मेट घातलं तरी नको, हेल्मेटनं कातडी फाटायची वाचते पण मेंदू आत हलायचा थांबत नाही. ज्या ठिकाणी कोच म्हणतो की पोरांना मार खायची सवय लागली पाहिजे, तिथून त्याच दिवशी परत या, फी गेली तरी जाऊ द्या. क्लास बघायला जाल तेव्हा एक पूर्ण तास बसा. दुसऱ्या मुली आहेत का, पालकांना आत बसू देतात का, मोठ्या मुलांशी जोडी लावतात का, मुलीनं टॅप केल्यावर समोरचा लगेच सोडतो का. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. टॅप केल्यावर अर्धा सेकंद जास्त धरून ठेवणारा पोरगा आणि ते बघून गप्प बसणारा कोच, दोघांपासून लांब राहायचं. पकडींमध्ये अंग अंगाला लागतं, त्यामुळं कुठला स्पर्श डावाचा आणि कुठला नाही हे तिच्याशी आधीच मोकळं बोलून ठेवा, म्हणजे काही खटकलं तर ती तुम्हाला येऊन सांगेल.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, वय 34, वजन 92, आयुष्यात कधी मारामारी केली नाही. लढायचं नाही, पण एमएमए शिकायचंय. कुठून सुरू करू? उशीर झाला का?

लढायचं नसेल तर उशीर अजिबात झालेला नाही. तुम्ही ब्राझीलियन जुजित्सूपासून सुरू करा, आणि कारण सरळ आहे. ठोशांचा खेळ पूर्ण जोरानं रोज खेळता येत नाही, खेळलात तर सोमवारी मीटिंगमध्ये डोकं ठणकणार. जुजित्सूत डोक्याला मार न खाता समोरच्याशी खरोखर पूर्ण जोर लावून झुंजता येतं, अडकलात की टॅप, हात मिळवला, परत सुरू. विरोध करणाऱ्या माणसासमोर सराव करणं हाच सगळ्याचा गाभा आहे, आणि ऑफिस करणाऱ्या माणसाला तो सगळ्यात कमी जोखमीत इथं मिळतो. तिथं आठवड्यातले दोन दिवस द्या आणि एक दिवस बॉक्सिंगचं पॅडवर्क, म्हणजे कोचनं धरलेल्या पॅडवर ठोसे मारायचा सराव, करा, स्पारिंगशिवाय.

पहिले तीन महिने तुमच्यापेक्षा वीस किलोनं हलकी पोरं आणि मुली तुम्हाला गुंडाळून ठेवतील. तेव्हा 92 किलोचा जोर लावून सुटायचा मोह होईल, तो आवरा, कारण नवीन वजनदार माणूस घाबरून धडपडतो तेव्हा त्याच्या कोपरानं दुसऱ्याचं नाक नाहीतर स्वतःचा गुडघा जातो. टॅप लवकर करा. हात दुखायला लागल्यावर नाही, हात अडकलाय हे कळल्यावर. त्यातही पायाच्या पकडींत, विशेषतः टाच पिळणाऱ्या, दुखायच्या आधीच गुडघ्याचं नुकसान झालेलं असतं, त्या नवशिक्यांवर लावू देणाऱ्या जागी जाऊच नका.

आणि मॅट रोज पुसतात का ते विचारा, लाजू नका. नायटा, गजकर्ण हे या खेळात घाणेरड्या मॅटवरून अख्ख्या क्लासला होतं, आणि एकदा झालं की पंधरा-वीस दिवस घरी बसावं लागतं. बाथरूमला जाताना चप्पल घाला, त्याच पायांनी मॅटवर येऊ नका, क्लास संपल्यावर लगेच आंघोळ करा, कपडे त्याच दिवशी धुवा. पहिल्या दिवशी जायच्या आधी हातापायाची नखं कापा आणि लग्नाची अंगठी घरी काढून ठेवा.